फ्रेंच मंगलाष्टकाची फोड

आमच्या नात्यात लग्न ठरलं की हॉल, आचारी आणि बँडवाला यांच्या पाठोपाठ मला फोन येतो. मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवते, आणि फावल्या वेळात मंगलाष्टकं लिहिते. वधूचं आजोळ, वराचे काका, दोन्हीकडच्या आत्या, सगळ्यांना त्यात बसवावं लागतं. एखाद्या मामाचं नाव राहिलं तर मामा पंगतीला बसत नाही. बोदवडपासून पहूरपर्यंत कितीतरी मांडवांत मी माईकसमोर उभी राहून ती म्हटली आहेत.

पण स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं मंगलाष्टक लिहिताना मला एक अख्खी भाषा शिकावी लागली.

मुलगी फ्रान्सला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं सांगितलं की तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं आहे. तिचे वडील दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. ते उठले आणि गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघून आले. टाकी भरलेलीच होती. खाली आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"भरीत खातो का?"

"पप्पा, दोनदा मागून घेतो. परवा तर ठेचा पण खाल्ला."

"रडला?"

"रडला. पण खाल्ला."

"मग ठीक आहे," हे म्हणाले, आणि लग्न ठरलं.

लग्न जळगावातच आणि आपल्या पद्धतीनं करायचं, असं दोघांनी आधीच ठरवलं होतं. तिकडून मुलगा, त्याची आई आणि काही मित्रमंडळी येणार होती. वडील तो लहान असतानाच गेलेले. सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता मुलगी म्हणाली, "आई, मंगलाष्टकं तूच लिहायची. पण त्यातलं एक फ्रेंचमध्ये हवं. अंतरपाटाच्या पलीकडे त्याची आई उभी असेल आणि तिला एक अक्षरही कळणार नाही, असं मला नकोय."

"अगं, मला फ्रेंचमधला फ येत नाही!"

"तीच शिकवेल तुला. ती पहिलीच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवते. बुधवारी दुपारी तिच्या शाळेला सुट्टी असते."

अशा रीतीनं मी पन्नाशी ओलांडल्यावर, होणाऱ्या विहीणबाईंच्या पहिलीच्या वर्गात जाऊन बसले.

त्यांची बुधवारची दुपार म्हणजे आमची संध्याकाळ. पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून, केसांत गजरा माळून मोबाइलसमोर बसले. पडद्यावर बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, गोल चष्म्याच्या एक बाई आल्या. त्यांनी नमस्कार केला आणि लगेच टेबलाखालून एक केळं काढून माझ्यासमोर धरलं. जळगाव म्हणजे केळी, हे मुलीनं त्यांना सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी टाळ्या वाजवत म्हटलं, "बा-नान."

दोन टाळ्या. पुन्हा, "बा-नान." आणि मला खूण केली.

मी शब्द कागदावर लिहिलेला बघितला. बी, ए, एन, ए, एन, ई. मी मराठीची बाई. अक्षरं पाडणं हा माझा रोजचा धंदा. मी आत्मविश्वासानं तीन टाळ्या वाजवल्या. "बा-ना-ने."

विहीणबाई खळखळून हसल्या. मुलगी तेव्हा मधे बसून दुभाष्याचं काम करत होती. ती म्हणाली, "आई, त्या म्हणतात कागदावर तीनच आहेत. पण बोलताना दोन. शेवटचा ई मुका असतो. गंमत म्हणजे गाण्यात किंवा कवितेत पुढे व्यंजन आलं की तो पुन्हा बोलायला लागतो, मग तीन."

मी म्हटलं, "एवढंच ना? त्यांना सांग, आपलंही तसंच आहे. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, पण म्हणतो आपण ‘घर्’. शेवटचा अ खाऊन टाकतो. आणि कवितेत वृत्तात बसवायचं झालं की घ-र, पुन्हा दोन."

मुलीनं ते तिकडे सांगितलं. विहीणबाईंनी केळं खाली ठेवलं, चष्मा नीट केला आणि "घर्, घ-र, घर्, घ-र" असं टाळ्या वाजवत तीन-चारदा म्हणून बघितलं. मग माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, ही बाई माझ्या धंद्यातली आहे."

त्या दिवसापासून आमचं जमलं. महिन्याभरात मुलीची मधे गरज उरली नाही. दोघींचंही इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे लाज कुणालाच वाटत नव्हती.

विहीणबाईंचे नियम सोपे असत आणि टाळ्यांवरच चालत. दोन स्वरांच्या मधे एकटं व्यंजन आलं, तर ते मागच्याकडे राहत नाही, पुढच्या स्वराबरोबर जातं. का-फे. शो-को-ला. दोन व्यंजनं शेजारी आली, की एक मागे, एक पुढे. मेर्-सी. पार्-तीर. पण त्यांतलं दुसरं र किंवा ल असेल, तर बहुतेक वेळा जोडी फुटत नाही. आ-प्रे. ता-ब्ल. हे मला पटायला वेळ लागला. कारण आपण ‘पुत्र’ म्हणताना नकळत ‘पुत्‌-त्र’ म्हणतो, आधीच्या अक्षरावर भार टाकतो. त्या मात्र ‘आप्रे’ म्हणताना आ वरून हलकेच पुढे जात आणि सगळा जोर शेवटच्या अक्षरावर देत. मी ‘आप्-प्रे’ म्हटलं की बोट हलवून नाही म्हणत. बिचाऱ्या पहिलीच्या पोरांना कसं शिकवत असतील ते मला कळलं. न रागावता, पण सोडतही नसत.

सगळ्यात जास्त दमवलं ते र नं. त्यांचा र जिभेच्या टोकावर नसतोच. तो घशात, पार मागे, गुळणी करताना जिथे पाणी वाजतं तिथे. मी सकाळी स्वयंपाक करताना सराव करायची. पोळी लाटता लाटता "र्‌ख, र्‌ख" चालायचं. दोन दिवस ह्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मिठाचं गरम पाणी आणि ज्येष्ठमधाची काडी माझ्यापुढे आणून ठेवली.

"अहो, खोकला नाही तो. र आहे."

"असेल. पण तो र डॉक्टरला दाखवून ये एकदा," हे म्हणाले.

दुसरा एक स्वर होता तो म्हणजे ई म्हणायचं, पण ओठ मात्र शीळ घालताना करतो तसे करायचे. मी तो शाळेत जाताना रिक्षात म्हणायची. रिक्षावाला पहिल्या दिवशी आरशातून बघत राहिला. नंतर नंतर तोही ओठ गोल करून बघायला लागला. आम्ही सिग्नलला दोघंही ओठ गोल करून थांबलेले असायचो.

दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याला माहेरी गेले. भाऊ-वहिनी तिथे राहतात, आणि माझे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, थंडीत शेतावरून त्यांच्याकडे येतात. आबांनी उभा जन्म अहिराणीत काढला. माझ्या शाळेतल्या मराठीला ते ‘पुस्तकी’ म्हणतात. बुधवार आला, तसा मी ओसरीवर मोबाइल भिंतीला टेकवून वर्ग सुरू केला. आबा शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

त्या दिवशी शब्द होता मुलगी. एफ, आय, मग दोन एल, शेवटी ई. मी म्हटलं, "फील्ल." विहीणबाई म्हणाल्या, नाही, आणि पुन्हा म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "फील." त्या पुन्हा नाही म्हणाल्या. असं चार-पाचदा झालं, तेव्हा आबांनी शेंगेचं टरफल टाकलं आणि म्हणाले, "अवं, ती फीय म्हनी ऱ्हायनी. तू तो ल कसाले लावस?"

"आबा, दोन ल लिहिलेत."

"ल्हिखेल ऱ्हाऊ दे. म्हन, फीय."

मी म्हटलं, "फीय." पडद्यावर विहीणबाईंनी दोन्ही हात वर केले. मग ‘कुटुंब’ आलं. तिथेही दोन ल. आबाच आधी बोलले, "फामीय." अगदी बरोबर!

मला एकदम हसू फुटलं. वर्गात मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले आहे, बाळांनो, ‘डोया’ नाही, ‘डोळा’. ‘केयं’ नाही, ‘केळं’. आमच्या खानदेशात ळ चा य होतो. धुळ्याला धुळ्याचेच लोक ‘धुये’ म्हणतात. मी हे विहीणबाईंना कसंबसं समजावलं. डोळ्याला बोट लावलं, "डोळा, पुस्तकात. डोया, घरात." त्या उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्यांच्याकडेही हेच झालं. फार जुन्या काळी त्या दोन ल चा उच्चार जीभ टाळूला चिकटवून, ल सारखाच होई. मग लोकांच्या तोंडी त्याचा हळूहळू य झाला. विद्वान कुरकुरत राहिले, लोक बोलत राहिले, आणि शेवटी तोच उच्चार शुद्ध ठरला.

हे मी आबांना मराठीत सांगितलं. आबांना त्यात नवल वाटलं नाही. "जठे मान्से तठे हाईच व्हई," म्हणाले, आणि पडद्याकडे बघून शेंगदाण्यांची मूठ पुढे केली. "ल्या बाई, खा." विहीणबाईंनी तिकडून ओंजळ धरली.

त्यानंतर दर बुधवारी वर्ग संपताना त्या विचारायच्या, "आबा?" मग मला धुळ्याला फोन जोडून द्यावा लागे. एक अहिराणीत बोलायचा, दुसरी फ्रेंचमध्ये, आणि दोघं बराच वेळ बोलायची. काय बोलतात हे मला अजूनही माहीत नाही.

थंडी सरत आली आणि खरं काम सुरू झालं. मंगलाष्टक. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. नाव मोठं असलं तरी चाल प्रत्येक मराठी माणसाच्या कानात बसलेली असते. एका ओळीत एकोणीस अक्षरं. बारा झाली की श्वास घ्यायचा, मग उरलेली सात. कुठलं अक्षर लांबवायचं, कुठलं तोकडं म्हणायचं, हेही ठरलेलं. लांब ते गुरू, तोकडं ते लघु.

मी विहीणबाईंना ती चाल नुसत्या ‘ला’वर म्हणून दाखवली आणि सांगितलं, आधी बारा, मग सात.

"बारा?" त्या म्हणाल्या. "नक्की बारा?"

"बारा."

त्या खुर्चीतून उठून गेल्या. मला वाटलं काही चुकलं. त्या परत आल्या आणि उभ्यानंच, टाळ्या वाजवत, त्यांच्या भाषेतल्या जुन्या कवितेची एक ओळ म्हणू लागल्या. मी बोटांच्या पेरांवर मोजत गेले. बारा! त्यांच्या जुन्या काव्याची ओळ बाराच अक्षरांची असते. तिच्यात मधे, सहावर, एक विसावा असतो, पण ओळ बाराचीच. म्हणजे आमच्या ओळीचा पहिला तुकडा आणि त्यांची अख्खी ओळ, मापाला सारखी. मी इकडे हसतेय, त्या तिकडे हसताहेत. हे आतून विचारत आले, "काय झालं?"

"अहो, बारा आहेत!"

"बरं," हे म्हणाले, आणि परत गेले.

पण माप जुळलं म्हणून ओळ जुळत नाही. त्यांच्यात लघु-गुरू नसतात. सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वेळाची, शेवटचं तेवढं जरा रेंगाळणारं. आपल्या एका अक्षरात गुळाचा खडा चघळायला वेळ असतो आणि दुसऱ्यात नसतो, हे त्यांना कळेना. मग मी युक्ती केली. जिथे गुरू हवा, तिथे नाकातलं अक्षर नाहीतर बंद अक्षर घ्यायचं. ‘आँ’, ‘ओं’, ‘मूर’, ‘झूर’ अशी. ती आपोआप लांब म्हणता येतात. जिथे लघु हवा, तिथे त्यांचा उघडा, चपळ स्वर.

अर्थ माझ्या मनात पक्का होता. मुलांनो, घरात प्रेम नांदो. आता ‘नांदणं’ फ्रेंचमध्ये कसं सांगायचं? मी जीव तोडून समजावलं. राहायचं, पण नुसतं राहायचं नाही. पाहुण्यासारखं नाही. तिथलंच होऊन, टिकून, सुखानं. त्या विचार करत राहिल्या आणि मग त्यांनी एक शब्द दिला, ‘दमेर’. राहणं, टिकणं; आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ राहतं घर. मी तो लगेच उचलला.

माझ्या ओळीच्या पहिल्या तुकड्यात बाराच्या जागी तेरा अक्षरं झाली. दोनदा मोजली, तेराच. विहीणबाईंनी मला ती म्हणायला लावली आणि मधेच थांबवलं. "तुम्ही शब्दाशब्दाला थांबता. थांबू नका." मग त्यांनी म्हणून दाखवलं. ‘मे’ म्हणजे माझी, ‘आँफाँ’ म्हणजे मुलं. पण दोन्ही एकत्र आले की ‘मे’च्या शेवटी लिहिलेला, एरवी मुका असलेला एस जागा होतो, झ होऊन पुढच्या स्वराला चिकटतो, आणि होतं ‘मे-झाँ-फाँ’. तसंच ‘दमेर’च्या पुढे ‘आ’ आला, की मधला मुका ई गळून पडतो आणि र उडी मारून त्या आ ला धरतो. द-मे-रा. तेराचे बारा झाले.

"हा तर संधी!" मी ओरडलेच. जगत् अधिक ईश, जगदीश. जे आठवीच्या वर्गात मी फळ्यावर दर वर्षी लिहिते आणि पोरं जांभया देतात, ते एक अख्खं राष्ट्र रस्त्यावर, दुकानात, भांडताना सुद्धा करत असतं, याचा मला फार आनंद झाला.

मंगलाष्टकाच्या चारही ओळी काही जमणार नव्हत्या, म्हणून फ्रेंचचं एकाच ओळीचं करायचं ठरलं. ओळ झाली ती अशी. मे-झाँ-फाँ क ल-मूर द-मे-रा-ला-मे-झों; स्वा-ये तु-झूर त्रे-झे-रे. मुलांनो, घरात प्रेम नांदो. सदा अतिशय सुखी राहा. आपल्या मंगलाष्टकाच्या शेवटी येणाऱ्या ‘कुर्यात् सदा मंगलम्’च्या जागी ती शेवटची सात अक्षरं लघु-गुरूसकट बसली. ‘द-मे-रा’मधला मे, आणि शेवटचे झे आणि रे म्हणताना ओठ गोल करायचे, म्हणून माझ्या कागदावर मी त्या तीन अक्षरांच्या डोक्यावर शून्य काढलं. आपल्या लिपीत त्यांना दुसरी सोय नाही.

लग्नाच्या आठवड्यात मंडळी आली. विहीणबाई प्रत्यक्षात पडद्यापेक्षा उंच निघाल्या. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "विईन-बाई!" ह त्यांना उच्चारता येत नाही. पहूरकडची माझी सासरची मंडळी म्हणाली, आमच्या म्हाताऱ्यांना तरी कुठे येतो.

हळदीच्या दिवशी घरात इतकी गाणी झाली, की संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. सकाळी उठले तर आवाजच नाही. नुसती हवा. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, वहिनीनं आल्याचा रस पाजला. काही नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "तो र" एवढंच म्हणाले.

मराठी मंगलाष्टकं वहिनी म्हणेल, हे लगेच ठरलं. पण फ्रेंचचं काय? मुलगी नवरी, ती स्वतःचं मंगलाष्टक स्वतः कशी म्हणणार? नवऱ्या मुलाचं तेच. त्याच्या मित्रांना भाषा येत होती, चाल येत नव्हती. आमच्याकडच्यांना चाल येत होती, भाषा नाही. मी पलंगावर बसून रडायच्या बेतात आले. तेवढ्यात विहीणबाई आत आल्या. हिरवी साडी नेसलेल्या, पदर तीन पिनांनी पक्का केलेला. मी घशाकडे बोट दाखवलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कागद घेतला नाही. माझ्या शेजारी बसल्या आणि माझा हात हातात घेऊन हलक्या आवाजात ती चाल म्हणायला लागल्या, शब्दांसकट. इतके महिने ऐकून ऐकून त्यांना ती पाठ झाली होती. बारावर श्वास घेतला, मग सात. एके ठिकाणी लघु लांबला, तेवढंच.

"मी?" त्यांनी मराठीत विचारलं.

मी मान हलवली. दुसरं काही करता येतच नव्हतं.

हॉल भरलेला होता. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी सुरुवात केली, मग वहिनीनं नावांची मंगलाष्टकं म्हटली, एकही मामा राहिला नाही. आणि मग नवऱ्या मुलाची आई माईकपाशी आली. हॉलमध्ये कुजबुज झाली. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला. गुरू आला की त्यांच्या तळव्यावर बोट ओढायचं, लघु आला की नुसतं टेकवायचं, असं आम्ही खोलीतच ठरवलं होतं.

त्यांनी सुरू केलं. "मे-झाँ-फाँ..."

आवाज जरा कापरा होता. पण चाल तीच! माझ्या आईच्या लग्नात म्हटली गेली असेल तीच. लोकांना शब्द एक कळत नव्हता आणि तरी सगळ्यांना माहीत होतं आपण कुठे आहोत. बारा अक्षरं झाली, विहीणबाईंनी श्वास घेतला, आणि हॉलमधल्या शेकडो लोकांनी त्यांच्याबरोबर अक्षतांच्या मुठी वर उचलल्या. "स्वाये तुझूर त्रे-झे-रे" मधला शेवटचा रे लांबला आणि नेमक्या त्याच क्षणी सगळीकडून अक्षता पडल्या. नंतर विहीणबाई एकदम जोरात म्हणाल्या, "श्यूभमाँगल सावधाँ!" शेवटचा न त्यांनी त्यांच्या भाषेच्या सवयीनं नाकात ढकलला होता. हॉल हसला, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या रांगेतून आबांचा आवाज आला, "आखो एकदाव म्हना, बाई!"

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "म्हणू द्या," ते म्हणाले, "मुहूर्ताला अवकाश आहे."

म्हणून आमच्या मुलीच्या लग्नात ते मंगलाष्टक दोनदा झालं. दुसऱ्या वेळी विहीणबाईंचा आवाज कापला नाही, आणि मला बोटही फिरवावं लागलं नाही. अंतरपाट खाली आला, तेव्हा मुलगी आणि तिचा नवरा दोघंही रडत होते आणि हसत होते. ह्यांचे डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी गुरुजींचं उपरणं वापरलं.

लग्नानंतर दोन दिवसांनी आम्ही आबांच्या गावाला निघालो. नवं जोडपं पहूरला देवाला गेलं होतं, म्हणून गाडीत आम्ही चौघंच. हे गाडी चालवत होते, आबा पुढे, मी आणि विहीणबाई मागे. माझा आवाज अजून आलेला नव्हता. महामार्गावर एकेक पाटी आली की विहीणबाई इंग्रजी अक्षरं त्यांच्या पद्धतीनं वाचत आणि मांडीवर टाळ्या देत. जळगाव म्हणजे ‘झाल-गाँ’. एरंडोल, ‘ए-राँ-दोल’. पारोळा, ‘पा-रो-ला’, शेवटच्या ला वर मुक्काम करून. धुळ्याची पाटी आली तेव्हा त्यांनी ओठ गोल केले आणि एकच टाळी वाजवली. "द्यूल."

"काय म्हने?" आबांनी मागे वळून विचारलं.

ह्यांनी सांगितलं. आबा इतके हसले, की ह्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.

गावात गाडी थांबली, तसे आजूबाजूच्या घरांतले लोक जमले. एका म्हाताऱ्या अक्कांनी आबांना विचारलं, "हाई कोन शे?"

"मनी पोरनी याहीन शे," आबा म्हणाले. "बठ्ठं समजस तिले. बोला तुम्ही." याहीन म्हणजे विहीण, बठ्ठं म्हणजे सगळं.

खाट अंगणात आली, त्यावर गोधडी आली. कळण्याची भाकरी, ठेचा, ताक. विहीणबाईंनी ठेचा बोटाच्या टोकानं चाखला, पुन्हा चाखला, आणि पदरानं नाक पुसत तिसऱ्यांदा घेतला. बायकांना तेवढं पुरलं. मग अक्का म्हणाल्या, "त्या बाईले म्हना, काही गानं म्हन." विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी हातानंच गाण्याची खूण केली.

त्यांनी त्यांच्या वर्गातल्या पोरांना शिकवतात ते एक छोटं गाणं सुरू केलं, टाळ्या वाजवत. दोन ओळी झाल्या नाहीत तोच अक्कांनी टाळी धरली, मग बाकीच्यांनी. कुणीतरी आतून झांज आणली. विहीणबाई खाटेवरून उतरून बायकांत जमिनीवर बसल्या, आणि त्यांचं गाणं संपतंय तोच अक्कांनी त्याच तालावर जात्यावरची ओवी उचलली. मग पुन्हा त्यांची पाळी, मग पुन्हा अक्कांची.

कुठल्याही गाण्यात मी गप्प बसलेली कुणाला आठवणार नाही. त्या दुपारी मला आवाज नव्हता. मी रिकाम्या खाटेवर टेकले, ताकाचा पेला हातात घेतला आणि नुसती ऐकत राहिले. ऊन उतरून गोठ्यापर्यंत गेलं तरी त्या थांबल्या नव्हत्या.